वचन कुठं सुरू होतं, कुठं संपतं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ असं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सड्यावरच्या जमिनीचं आंदोलन होतं. त्याबद्दल मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की वाचणारे कंटाळले असतील. मी तर कंटाळलेच आहे. शिवाय आंदोलनावर पोट चालत नाही. पोट ज्यावर चालायचं ते काम निराळं होतं, आणि ते सांगितलं की रत्नागिरीत माणसं आधी हसून घेतात. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज पाद्र्यांच्या छापील प्रवचनांत बायबलची वचनं कुठं कुठं आली आहेत, ते मी शोधायचे. पगार घेऊन.

हसून झालं असेल तर पुढं सांगते.

परदेशातल्या एका अभ्यास-प्रकल्पाला ही प्रवचनं संगणकावर हवी होती. मजकूर आधीच कुणीतरी टाइप करून ठेवलेला. आमच्या ऑफिसकडं आलं ते खुणा करायचं काम. वचन कुठं सुरू होतं, कुठं संपतं, आणि ते बायबलच्या कुठल्या पुस्तकातलं, कितव्या अध्यायातलं. ऐकायला सोपं वाटतं. अवतरणचिन्हं असतीलच की! नसतात. त्या काळी वचन तिरक्या अक्षरांत छापायची पद्धत होती, पण तिरक्या अक्षरांत माणसांची नावंही असायची, आणि छापणाऱ्याला जोर द्यावासा वाटला तर वाटेल तो शब्दसुद्धा. समासात अध्यायाचा आकडा असतो, तो पुष्कळदा चुकलेला, कारण खिळे जुळवणारा घाईत. आणि खुद्द पाद्री? त्याला पुस्तक पाठ. तो उघडून बघतच नाही. आठवणीतून बोलतो, त्यामुळं एक शब्द या भाषांतरातला, दुसरा त्या भाषांतरातला, तिसरा त्यानं स्वतःच लॅटिनमधून आणलेला. ओळ अर्ध्यावर तोडतो आणि तिला भलत्याच ओळीचं शेपूट जोडतो. कधी एकच ओळ घेऊन बसतो आणि फणसाचे गरे काढावेत तसा तिचा एकेक शब्द सुटा करतो. समोर बसलेल्यांना खुणा लागत नव्हत्या. त्यांनाही सगळं तोंडपाठ होतं. खुणा लागत होत्या त्या आम्हाला. आम्ही ना त्या देशाचे, ना त्या धर्माचे, ना त्या काळाचे.

माझ्या आईला हे काम कधीच समजावता आलं नाही. शेजारी ती सांगायची, ‘कंप्युटरवर आहे.’

आमच्या सगळ्या पोरापोरींत बायबल कुणाच्याच घरात नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या फाइली लाल होऊन परत आल्या. मंदारनं, म्हणजे ऑफिस ज्याचं त्यानं, कपाळाला हात लावला आणि आढाव सरांना घेऊन आला. सर इंग्रजीचे निवृत्त मास्तर. नगरकडचे, ख्रिस्ती. उमेदीच्या वयात इथल्या शाळेत लागले आणि इथलेच झाले, असं ते म्हणायचे. इथली माणसं मात्र अजून ‘ते घाटावरचे सर’च म्हणायची. त्यांचं दुसरं काम रविवारचं. आमच्या गावाबाहेर त्यांचं छोटं देऊळ आहे. चर्चला ते देऊळच म्हणतात. पाळक, म्हणजे त्यांचे पाद्री, चिपळूणहून महिन्यातून एकदाच यायचे, आणि उरलेल्या रविवारी उपासनेत संदेश सर द्यायचे. संदेश म्हणजे प्रवचनच. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. आठवडाभर मनात साठवलेलं ते रविवारी बोलायचे, आणि सोमवारी ऑफिसात आले की चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

आमच्या फाइली ते तपासायचे.

‘मेघा, ही ओळ का सोडलीस?’

‘सर, ती पाद्र्याची स्वतःची वाटली.’

‘त्याचीच आहे. पण वळण पुस्तकाचं आहे. खूण कर आणि पुढं प्रश्नचिन्ह ठेव.’

‘प्रश्नचिन्ह ठेवलं की मंदार ओरडतो. तारीख जवळ आलीये म्हणतो.’

‘ओरडू दे. तो काही बायबलात नाही.’

असले मासले रोजचे. एका पाद्र्यानं ठणकावून एक वचन सांगितलं होतं, समासात आकडाही दिलेला. आम्ही तो अध्याय पालथा घातला, आजूबाजूचे घातले, पुस्तकच संपवलं. ते वचन कुठंच नाही. सर खुर्चीत मागं रेलून हसत सुटले. ‘अगं, हे त्याच्या आईचं असणार. लहानपणी कान पिळताना म्हणत असेल, आणि याला वाटलं देवच म्हणाला.’ आणखी एका पुस्तकाच्या सुरुवातीला पाद्र्यानं रडगाणं गायलं होतं. कुणीतरी बाकावर बसून माझं प्रवचन भराभर उतरवून घेतलं, तोडून-मोडून, मला न विचारता छापलं आणि बाजारात विकलं, म्हणून नाइलाजानं खरं प्रवचन मी छापतो आहे! सर म्हणाले, ‘छापायचं याला होतंच. चोर सापडला म्हणून लाज वाचली.’

हे असं चाललं होतं, मजेत. आता सडा.

आमचा गाव खाडीच्या वरच्या अंगाला. घरांच्या वर चढून गेलं की सडा, उघडा कातळ. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, गुरं चरतात, एरवी वारा. त्याला कधी कुंपण नव्हतं. कुणाचा तुकडा कुठं संपतो ते कागदावर होतं, जमिनीवर नव्हतं. मुंबईला असलेल्यांनी एकेक करून तुकडे विकले. एका शेठनं तुकड्याला तुकडा जोडला आणि तारेचं कुंपण मारलं. गुरांची वाट बंद झाली. झऱ्याकडं जायची पायऱ्यांची पाखाडी कुंपणाच्या आत गेली. आम्ही समिती काढली, मी पत्रकं लिहिली. सही करायला माणसं यायची, सभेला यायची नाहीत. शेठ वाईट बोलायचा नाही कुणाशी. लग्नाला यायचा, आजारपणात गाडी पाठवायचा. अशा माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

त्याच दिवसांत माझ्याकडं एक प्रवचन आलं. खेड्यातल्या पाद्र्याचं. तिथल्या जमीनदारांनी गावाची कुरणं कुंपणं घालून आपल्यात ओढली होती, नांगर जाऊन मेंढरं आली होती, माणसं गाव सोडून चालली होती. पाद्र्यानं जमीनदाराचं नाव घेतलेलं नाही. कसं घेणार? तो समोर पहिल्या बाकावर बसलेला. पाद्र्यानं घेतलं फक्त एक वचन, यशया नावाच्या संदेष्ट्याचं. शेताला शेत आणि घराला घर जोडत सुटलेल्यांची त्यात हजेरी घेतली आहे, आणि लगेच पुढं म्हटलंय की असली मोठमोठी देखणी घरं एक दिवस ओस पडतील, राहायला माणूस उरणार नाही. पाद्र्यानं पानंच्या पानं तेच सोललं होतं.

‘सर, हे तर आमच्या सड्याचंच आहे!’

सरांनी चष्मा वर केला, वाचलं. बराच वेळ वाचत राहिले.

‘रविवारी समितीची सभा आहे, सर. हे तिथं येऊन सांगा. तुमच्या आवाजात.’

‘तुमच्या सभेत मी कोण, मेघा? घाटावरचा म्हातारा. दोन मिनिटांत कुणीतरी विचारेल, तुमचा सात-बारा कुठला? बोलायचंच झालं तर मी माझ्या जागेवरून बोलेन.’

मी चिडले. मला वाटलं, झालं, आणखी एक माणूस नुसता ऐकायला बाकावर बसला. बोलूनही दाखवलं. ते नुसते पुढची फाइल उघडून बसले.

मग एका शनिवारी निघताना म्हणाले, ‘उद्या जमलं तर ये.’

मी ख्रिस्ती नाही. पण सरांना ऐकायला अधूनमधून जायचे, सगळ्यात मागच्या बाकावर. त्या दिवशीही तिथंच बसले. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि सरांनी तेच वचन वाचलं. कुठल्या संदेष्ट्याचं, कितवा अध्याय, सगळं नीट सांगून. मग सोलायला घेतलं. ‘जोडणं’ हा एकच शब्द त्यांनी किती वेळ धरला होता! हात जोडणं, नाती जोडणं, भांड्याला कान जोडणं. चांगला शब्द, म्हणाले, आणि तो जमिनीच्या हावेला लागला की कसा नासतो. सडा म्हणाले नाहीत. शेठ म्हणाले नाहीत. तार म्हणाले नाहीत. आमच्या समितीच्या एकाही सभेत पसरली नाही अशी शांतता तिथं पसरली. बाकावरची माणसं एकमेकांकडं न बघता बसली होती, कारण बघितलं असतं तर कळलं असतं की सगळ्यांना कळलंय.

त्या जुन्या प्रवचनांची एक ठरलेली चाल असते. आधी वचन, मग अर्थ, आणि शेवटी ‘उपयोग’, म्हणजे हे ऐकून तुम्ही घरी जाऊन काय करायचं. सर अर्थापर्यंत आले आणि थांबले. ‘उपयोग मी सांगत नाही,’ म्हणाले. ‘तुम्हाला ठाऊक आहे.’ आणि पुस्तक मिटलं.

एवढी वर्षं पत्रकं लिहिते आहे, पण असं काही मला एकदाही लिहिता आलेलं नाही.

उपासना कुणीतरी फोनवर टिपत होतं, मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायला. त्यात गैर काही नाही, नेहमीचंच ते. गैर केलं ते दुसऱ्यानं. त्यानं त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला आणि गावच्या ग्रुपवर सोडला. कापणारा मला ठाऊक आहे. शेठच्या ऑफिसात बसतो. कापला अगदी हुशारीनं. ‘यशया संदेष्टा म्हणतो’ हे गेलं, अध्याय गेला, शेत जोडणारे गेले. राहिलं काय? पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा बोट वर करून सांगतोय की मोठमोठी घरं ओस पडतील, राहायला माणूस उरणार नाही.

आणि हे कुठं? आमच्या गावात. जिथं निम्म्या दारांना कुलूप आहे, गणपतीला उघडतं, विसर्जन झालं की पुन्हा लागतं. ज्याला त्याला हे दिसतं, आणि कुणी तोंडातून काढत नाही.

आत्याचा फोन आला. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला.

‘काय गो मेघे, तुझ्या त्या मास्तरान् आमच्या घरांना सराप दिलान् म्हणतात?’

‘आत्ये, सराप नव्हे तो. बायबलातलं वचन आहे. जमिनी लाटणाऱ्यांना म्हटलंय.’

‘मग आमच्या बंद घरांचं कशाला काढलान्?’

‘तुमचं नाही गो काढलेलं. ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे.’

‘म्हणजे तेव्हाच दिलान् होय सराप! तरीच.’

मी पोटभर हसले, आणि फोन ठेवल्यावर ग्रुप उघडला. आत्या एकटी नव्हती. घाटावरून आलेला, त्यातून किरिस्ताव, आणि आमच्या घरांवर बोलतो! ज्यांची गुरांची वाट शेठनं बंद केली होती तेच शेठच्या ओट्यावर जाऊन बसले. मुंबईच्या मंडळाचे फोन आले. योसेफकाकांच्या बेकरीवर गिऱ्हाईक येईना. योसेफकाका म्हणजे सरांच्या देवळाचे पंचप्रमुख. भला माणूस, पण मूठभर घरांची जबाबदारी डोक्यावर, आणि भ्यालेला. आणि आमच्या समितीतला एक शहाणा मला म्हणतो, ‘मेघा, वातावरण तापलंय, सरांचा फोटो टाकू फ्लेक्सवर!’ त्याला मी जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

गावातली चार वजनदार माणसं देवळाच्या पंचांना भेटली. म्हणाली, आपण गावाच्या घरांना बोललो नाही असं मास्तरांनी लेखी द्यावं, विषय संपला. नाही दिलं तर पुढं काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. योसेफकाका माझ्याकडं आले.

‘पोरी, तू पत्रकं लिहितेस ना? मग हे एक लिहून दे. सरांनी सही केली की मी रविवारी वाचून दाखवतो, गावातही लावतो. सरांचं बोलणं बंद पडायला नको गं. पंचांत काहीजण तेच म्हणायला लागलेत.’

मी लिहिलं. सगळा कस लावून लिहिलं. वर्षानुवर्षं जे काम करत होते तेच की! वचन कुठं सुरू झालं ते दाखवलं, कुठं संपलं ते दाखवलं, संदेष्ट्याचं नाव, अध्याय. हे शब्द सरांचे नाहीत, धर्मग्रंथातले आहेत, उपासनेत ते जसेच्या तसे वाचले गेले. आणि शेवटी एक वाक्य: यात गावातल्या कुणालाही उद्देशून काही नव्हतं.

गावातल्या त्या चौघांनी वाचलं, मान डोलावली. सही तेवढी राहिली.

आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला, चष्मा लावला आणि फाइल तपासावी तसं वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘छान खुणा केल्यास. समासातला आकडाही बरोबर.’

‘मग सर, एक सही,’ योसेफकाका म्हणाले.

‘शेवटचं वाक्य खोटं आहे, योसेफ.’

‘सर, एवढं चालतं हो! कोण तपासतंय?’

‘मी.’

मला राहवलं नाही. ‘सर, पण शब्द तुमचे नव्हतेच! हे तर खरं ना? तुम्ही वाचलंत फक्त.’

‘शब्द माझे नव्हते. एवढ्या जाड पुस्तकातून तेच उचललं कुणी? त्याच रविवारी कुणी?’ कप खाली ठेवून ते माझ्याकडं वळले. ‘मेघा, आपण ज्यांच्या फाइली करतो ते सगळे हेच करत होते. समोर बसलेल्याला स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पुस्तकाच्या तोंडानं सांगितलं. सांगितलं तरी! आता अंगावर आल्यावर मी म्हणायचं, ते पुस्तक बोललं, मी नाही? मग मी तिथं उभा कशाला होतो?’

‘सर, सही केली तर रविवार तुमचाच राहील,’ योसेफकाका म्हणाले. ‘नाहीतर पंच ऐकणार नाहीत. मी एकटा पडेन.’

‘आणि सही करून मी पुढच्या रविवारी उभा राहिलो, तर काय सांगू, योसेफ?’

योसेफकाकांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. चहा कुणी प्यायलं नाही.

पंचांनी ठराव केला की यापुढं संदेश फक्त पाळकच देतील. भाषा अगदी गोड होती; सरांची सेवा, सरांचं वय, सरांना विश्रांती. योसेफकाकांनी सही केली. मी त्यांना फार बोलले. रस्त्यात उभं राहून बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘तुझं आंदोलन संपलं की तू घरी जाशील. आम्हाला इथंच, यांच्यातच राहायचंय गं.’

सर बरोबर होते, असं आता सगळे म्हणतात. आमच्या समितीतले तर डोळ्यात पाणी आणून म्हणतात. मी म्हणत नाही. माझं आजही भांडण आहे. त्यांनी सही करायला हवी होती. त्यांच्या सही न करण्यानं कुंपणाचा एक खांब हलला नाही. शेठनं उलट आणखी एक तुकडा जोडला. एक खोटं वाक्य, तेही माझं, आणि त्याच्या बदल्यात वर्षभराचे रविवार मिळत होते. त्या रविवारी ते आणखी काय काय बोलले असते! कुणाला टोचलं असतं, कुणाला नसतं. पण बोलले असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू म्हणतेस त्यात तथ्य आहे.’ भांडायला सुद्धा जागा ठेवली नाही.

खुणांचं काम पुढं संपलं. शेवटची फाइल गेली, मंदारनं दुसरी कामं घेतली, सरांना नारळ आणि शाल दिली. मी आता एका दवाखान्याचे कागद टाइप करते. समिती आहे, पत्रकं आहेत. आत्या अजून शापाचं विचारते.

मागं एकदा रविवारी मी त्या देवळाकडं गेले. ठरवून नाही, तिकडच्या वाडीत पत्रकं वाटून परतत होते, गाण्याचा आवाज आला आणि दारापाशी थांबले. पाळकांचा रविवार नव्हता. गाणं झालं, प्रार्थना झाली, दान गोळा झालं. मग जिथं सर उभे राहायचे तिथं कुणी उभं राहिलं नाही. सगळे थोडा वेळ तसेच बसले, आणि मग उठून चपला घालायला लागले. उन्हं अजून कोवळी होती. पूर्वी या वेळेला सर नुकते कुठं दुसऱ्या शब्दापर्यंत आलेले असायचे.

सर मागच्या बाकावरून उठून बाहेर आले. मला बघून त्यांना बरं वाटलं असावं. पण मग ते जरा गोंधळले, पाहुणा आला आणि घरात काही नाही असं झाल्यासारखे.

‘अगं, आज कशाला आलीस? आज काही नसतं.’